विमान थांबले तर काय थांबते?

दिंडोरी तालुक्यातील एका शिक्षकांनी आम्हाला एक प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या शाळेच्या मैदानावरून ओझरच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने दिसतात. भूगोलाच्या तासाला वाहतूक आणि व्यापार हा भाग शिकवताना त्यांनी वर्गाला विचारले, "विमानतळामुळे आपल्या भागाचा काय फायदा झाला?" एका मुलाने ताबडतोब उत्तर दिले, "प्रगती झाली." मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "किती?"

शिक्षक लिहितात, "या 'किती'चे उत्तर मला देता आले नाही. ते काढायचे तरी कसे?"

प्रश्न साधा दिसतो, पण तसा तो नाही. विमानवाहतुकीचे मूल्य सांगणारे मोठमोठे आकडे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. अमुक देशाला विमानांमुळे इतके अब्ज मिळाले, तमुक लाख लोकांना रोजगार मिळाला. हे आकडे कसे तयार होतात, त्यांतले कोणते पक्के आणि कोणते पोकळ, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. ती अशी: विमानामुळे काय मिळाले हे विचारण्याऐवजी, विमान थांबले तर काय थांबेल आणि कोणाचे थांबेल, हे विचारायचे. या लेखात आपण ती रीत दोन ठिकाणी लावून पाहू. एक ठिकाण म्हणजे आपली दिंडोरी आणि दुसरे म्हणजे पूर्व आफ्रिकेतील केनिया.

माळावरची धावपट्टी

ओझर गाव निफाड तालुक्यात आणि शेजारचे जानोरी दिंडोरी तालुक्यात. या दोन गावांच्या माळावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली सुरू झाला. मिग-२१ ही लढाऊ विमाने बांधण्यासाठी तो काढला होता. विमान बांधायचे तर ते उडवून पाहावे लागणार, म्हणून तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आली. म्हणजे ही धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नव्हे, की द्राक्षांसाठीही नव्हे. प्रवाशांची इमारत तेथे बऱ्याच उशिरा, २०१४ साली झाली.

इमारत झाली तरी नियमित विमाने लगेच आली नाहीत. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये एकोणीस आसनांचे लहान विमान मुंबई आणि पुण्याला जाऊ लागले. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीची सेवा सुरू केली. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि तिच्याबरोबर ही सेवाही गेली. पुढे इतर कंपन्यांची विमाने आली, काही गेली. २०२३ च्या मार्च महिन्यापासून इंडिगोची विमाने येथून उडू लागली. मालवाहतुकीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांनी मिळून 'हॅलकॉन' हे संकुल उभारले आहे.

आता परिसर पाहा. दिंडोरी तालुका द्राक्षांचा. देशातून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत नाशिक जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा. जानोरी, मोहाडी या भागांत पॉलिहाउसमधल्या गुलाबांचीही शेती आहे. शेजारी लांब धावपट्टी आणि मालाचे संकुल. मग ही द्राक्षे विमानाने युरोपला जात असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती बहुतेक सगळी जहाजाने जातात. असे का, हे समजले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

नैवाशाचा गुलाब

केनियाची राजधानी नैरोबी. तिच्या वायव्येला सुमारे ९० किलोमीटरवर नैवाशा नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. हे ठिकाण विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर. विषुववृत्तामुळे वर्षभर रोज बारा तास उजेड आणि उंचीमुळे हवा थंड. गुलाबाला याहून चांगले काय हवे? युरोपात हिवाळ्यात गुलाब फुलवायचा तर काचघर तापवावे लागते आणि दिवे लावावे लागतात. नैवाशाला ही दोन्ही कामे सूर्य फुकट करतो.

१९७० च्या दशकापासून येथे फुलांची शेती वाढत गेली. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या फुलांपैकी सुमारे एक तृतीयांश फुले आज एकट्या केनियातून येतात. या शेतीवर थेट काम करणाऱ्यांची संख्या लाखाहून अधिक आहे आणि त्यांत स्त्रिया मोठ्या प्रमाणावर आहेत. सकाळी कापलेला गुलाब थंड खोलीत जातो, तेथून थंड ट्रकने नैरोबीच्या विमानतळावर आणि रात्रीच्या विमानाने सुमारे आठ तासांत ॲमस्टरडॅमला. जवळच आल्समेर येथे फुलांचा प्रचंड लिलाव चालतो.

कापल्यानंतरही जीव असतो

दिंडोरीचे द्राक्ष जहाजाने आणि नैवाशाचा गुलाब विमानाने, या फरकाचे मूळ वनस्पतिशास्त्रात आहे.

फूल किंवा फळ कापले म्हणजे ते लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वसन करीत राहतात. साठवलेली साखर वापरून त्या ऊर्जा मिळवतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतात. नवी साखर मात्र मिळणार नसते. म्हणजे कापलेल्या मालाची स्थिती पगार थांबलेल्या आणि साठवलेल्या पैशांवर चाललेल्या घरासारखी असते. किती दिवस निभेल, हे दोन गोष्टींवर ठरते: शिल्लक किती आणि रोजचा खर्च किती.

गुलाबाच्या पाकळ्या पातळ, शिल्लक थोडी आणि श्वसनाचा वेग मोठा. द्राक्षात साखर भरपूर, साल मेणचट आणि श्वसन मंद. शिवाय आंब्यासारखे ते झाडावरून काढल्यावर पिकत नाही. काढताना जसे असेल तसेच राहते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून दोन्ही माल तोडल्याबरोबर थंड करतात. पण शून्याजवळच्या तापमानातही गुलाब फार तर दोनेक आठवडे धरतो, तर द्राक्ष दोन महिन्यांहूनही अधिक टिकू शकते. द्राक्षाला मुख्य भीती बुरशीची. त्यासाठी खोक्यात सल्फर डायऑक्साइड सावकाश सोडणारा कागद ठेवतात.

१९९१ साली 'महाग्रेप्स' ही द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. त्यानंतर आपल्याकडे प्रीकूलिंगची आणि शीतगृहांची व्यवस्था वाढत गेली. त्या व्यवस्थेने खरे तर काय केले? द्राक्षाचे आयुष्य लांबवले आणि त्याची विमानाची गरज संपवली. शीतगृह हे एका अर्थाने विमानाचे प्रतिस्पर्धी आहे. विमान अंतर कापायचा वेळ कमी करते. शीतगृह मालाला तो वेळ सोसण्याची ताकद देते.

एका दिवसाची किंमत

आता थोडा हिशोब करू. पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत. समजण्यासाठी आम्ही ते सोयीचे घेतले आहेत. वर्गात आपण आपले आकडे घालून पाहू शकता.

समजा, युरोपात पोहोचलेल्या ताज्या गुलाबाला किलोमागे ५०० रुपये मिळतात आणि द्राक्षाला १८० रुपये. विमानाचे भाडे किलोला २०० रुपये, जहाजाचे २५ रुपये. जहाजाला चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात गुलाबाची ८० टक्के किंमत जाते, द्राक्षाची १० टक्के.

गुलाब विमानाने पाठवला तर हाती उरतात ५०० – २०० = ३०० रुपये. जहाजाने पाठवला तर १०० – २५ = ७५ रुपये.

द्राक्ष विमानाने पाठवले तर १८० – २०० = –२० रुपये, म्हणजे पदरचे पैसे जातात. जहाजाने पाठवले तर १६२ – २५ = १३७ रुपये.

विमान वेळ विकते. तो वेळ विकत घेणे परवडते की नाही, हे मालाच्या वजनामागे किंमत किती आणि रोज किती किंमत झडते यावर अवलंबून असते. जड, स्वस्त आणि टिकाऊ माल जहाजाचा. हलका, महाग आणि नाशवंत माल विमानाचा. औषधे, घड्याळांचे सुटे भाग, गुलाब, जिवंत जनावरे ही दुसऱ्या गटात येतात. गेल्या दशकात ओझरहून शेळ्या-मेंढ्या विमानाने आखाती देशांत गेल्या, त्यामागे हेच गणित आहे. जिवंत जनावराला लांबचा सागरी प्रवास सोसत नाही. त्याला चारा-पाणी लागते, त्याचे वजन घटते, काही दगावतात.

हीच कसोटी माणसांनाही लागू पडते. नाशिक-मुंबई विमान हवेत पाऊण तासापेक्षा कमी वेळ असते. पण घरून ओझरला जाणे, तासभर आधी पोहोचणे, मुंबईत बाहेर पडून इच्छित स्थळी जाणे हे सगळे धरले की चार तास होतात, आणि मोटारीनेही साधारण तेवढेच लागतात. वाचलेला वेळ शून्य. दिल्लीला मात्र रेल्वेने अठरा-वीस तास लागतात आणि विमानाने, सगळे धरून, पाच-सहा. म्हणून विमान किती वेगाने उडते याला फारसा अर्थ नाही. दारापासून दारापर्यंत किती तास वाचले, ते पाहायचे.

धावपट्टी आणि विरळ हवा

विमानात किती माल भरता येईल, हे हवाही ठरवते. उंचावर हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून जास्त वेग घ्यावा लागतो आणि धावपट्टी लांब लागते. ढोबळ नियम असा: दर ३०० मीटर उंचीला लांबी सुमारे ७ टक्क्यांनी वाढवावी. त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश उष्ण, तितके टक्के आणखी वाढवावी.

समुद्रसपाटीवर २,४०० मीटर धावपट्टी लागणारे एक विमान घेऊ. ओझर सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून १४ टक्के वाढ: २,७३६ मीटर. या उंचीचे प्रमाण तापमान सुमारे ११ अंश असते. उन्हाळ्यात ३८ अंश असेल तर २७ टक्के आणखी: जवळजवळ साडेतीन हजार मीटर. नैरोबीचा विमानतळ १,६०० मीटरपेक्षा उंच आहे, म्हणून तेथे उंचीमुळेच सुमारे ३७ टक्के वाढ होते. पण हवा थंड असल्याने उष्णतेची वाढ कमी. तेथील धावपट्टी चार किलोमीटरहून लांब आहे, ती हौसेने नव्हे. धावपट्टी पुरत नसेल तर दोनच मार्ग उरतात: माल कमी घ्यायचा किंवा रात्रीच्या गारव्यात उडायचे. म्हणजे हवेची घनताही शेवटी रुपयांत मोजली जाते.

निसर्गाने केलेला प्रयोग

"विमान थांबले तर काय थांबेल?" हा प्रश्न आम्ही सुरुवातीला विचारला. प्रयोगासाठी कोणी विमाने थांबवत नाही. पण निसर्गाने एकदा ती थांबवून दाखवली.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेचा ढग युरोपवर पसरला. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, तर काचेसारख्या खडकाचे बारीक कण. जेट इंजिनाच्या आतल्या उष्णतेत ते वितळतात आणि पुढच्या पात्यांवर चिकटून घट्ट होतात. १९८२ साली जावा बेटाजवळ एका प्रवासी विमानाची चारही इंजिने अशा राखेमुळे बंद पडली होती. खाली उतरल्यावर ती पुन्हा सुरू झाली म्हणून विमान वाचले. त्यामुळे २०१० साली युरोपातील बहुतेक देशांनी सुमारे सहा दिवस आपले आकाश बंद ठेवले.

सहा हजार किलोमीटरवरच्या नैवाशात याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला. शीतगृहे भरली. झाडांवर गुलाब फुलतच होते, कारण झाडाला विमानाचे वेळापत्रक ठाऊक नसते. कापलेली फुले टनावारी खड्ड्यांत टाकावी लागली. हजारो रोजंदारी मजुरांना घरी बसवण्यात आले. त्या कुटुंबांना आइसलँड हे नावही कदाचित माहीत नसेल. पण तिथल्या राखेने त्यांची चूल थांबवली.

त्याच हंगामात नाशिकचा द्राक्ष उत्पादकही मोठ्या अडचणीत होता. कारण मात्र वेगळे होते. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने युरोपने आपली द्राक्षे नाकारली होती. एकाच वर्षी, एकाच बाजारपेठेत, दोन शेतकरी बुडाले. एकाला विमानाने दगा दिला, दुसऱ्याला प्रयोगशाळेतील तपासणीने. दुसऱ्यासाठी विमान असून-नसून सारखेच होते.

दुसरा प्रयोग २०२० च्या साथीने केला. केनियात २०१९ साली सुमारे २० लाख परदेशी पाहुणे आले होते. २०२० मध्ये ते सहा लाखांच्याही आत आले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुले केवळ मालवाहू विमानांतून जात नाहीत. सिंह आणि हत्ती पाहायला आलेले प्रवासी ज्या विमानाने परततात, त्याच विमानाच्या पोटातल्या जागेत फुले भरलेली असतात. प्रवासी भाड्याचा मोठा भाग उचलतो, म्हणून गुलाबाला जागा स्वस्त मिळते. प्रवासी थांबले तेव्हा ती जागाही गेली आणि मालाचे भाडे वाढले. सिंहाला पाहायला येणारा माणूस गुलाबाचे भाडे भरत असतो, असे म्हटले तरी चालेल.

नाशिकला मार्च-एप्रिल २०२० मध्ये काय झाले? द्राक्षे बागेत अडकली. मजूर, ट्रक, बाजार सगळेच बंद होते. अनेकांनी उरलेल्या द्राक्षांचे बेदाणे केले. नुकसान मोठे झाले, पण ते विमान थांबल्याने झाले नव्हते.

मोठे आकडे कसे तयार होतात?

आता पुन्हा त्या मोठ्या आकड्यांकडे वळू. विमानवाहतुकीचे मूल्य काढताना अर्थशास्त्रज्ञ चार थर मोजतात. पहिला, विमान कंपन्या आणि विमानतळ यांतील पगार व नफा. दुसरा, त्यांना इंधन, जेवण, सुटे भाग पुरवणाऱ्यांची कमाई. तिसरा, या सगळ्यांनी आपले पगार खर्च केल्यामुळे किराणा दुकानदारापासून शिंप्यापर्यंत पोहोचलेला पैसा. चौथा, विमानाने आलेल्या पर्यटकांनी केलेला खर्च.

तिसऱ्या थरात गणिताची गंमत आहे. समजा, पर्यटकाने गावात १०० रुपये खर्च केले आणि ज्याला ते मिळाले त्याने त्यांतील ६० रुपये गावातच खर्च केले. ते मिळालेल्याने ३६ रुपये, पुढच्याने २१ रुपये ६० पैसे... ही भूमिती श्रेढी आहे. तिची बेरीज १०० ÷ (१ – ०.६) = २५० रुपये. शंभराचे अडीचशे झाले! पण गावात फक्त ४० टक्केच राहत असतील तर बेरीज १०० ÷ ०.६ = सुमारे १६७ रुपये. म्हणजे पाहुणे किती आले यापेक्षा, त्यांचा पैसा गावात किती वेळा फिरला हे महत्त्वाचे. हॉटेल बाहेरच्या कंपनीचे, विमान परदेशी, इंधन आयात केलेले, जेवणातले लोणीही परदेशी असेल तर पैसा आला तसा निघून जातो. केनियासारख्या देशांत या गळतीची चर्चा फार जुनी आहे. स्वतःची विमान कंपनी हवी, या आग्रहामागेही ती होती. पूर्व आफ्रिकेतील देशांची सामायिक कंपनी मोडल्यावर १९७७ साली केनिया एअरवेज निघाली.

या चार थरांच्या बेरजेत एक दोष राहतो. तिच्यात वजाबाकी नसते. विमान नसते तर हा माणूस रेल्वेने आला असता का? हा पैसा त्याने दुसऱ्या कशावर खर्च केला असता का? 'उडान' योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवतात आणि कंपनीची तूट सरकारी पैशांतून भरून देतात. ते पैसे शाळेला किंवा एस. टी.ला दिले असते तर काय झाले असते? निसर्गाचाही हिशोब आहे. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळताना हवेतील ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वजन तिपटीहून वाढते. नैवाशाच्या गुलाबाबरोबर त्या सरोवराचे पाणीही विमानात बसून जाते, अशी तक्रार तेथील लोक करतात. म्हणूनच केनियात आता थंड कंटेनरमधून समुद्रमार्गे फुले पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत. तापमान आणि हवेतील वायूंचे प्रमाण काटेकोर राखून फुलाचे आयुष्य वाढवता आले तर गुलाबही द्राक्षाच्या वाटेने जाईल.

दिंडोरीचे काय थांबेल?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ओझरचे नागरी विमान उद्या थांबले तर दिंडोरीचे काय थांबेल?

दिल्लीला तातडीने जाणाऱ्या व्यापाऱ्याचा एक दिवस जाईल. कारखान्यांना भेट देणारे तज्ज्ञ मुंबईमार्गे येतील. टॅक्सीचालक, हमाल, सुरक्षारक्षक यांची रोजी जाईल. जनावरांची निर्यात अडेल. हे सगळे खरे मूल्य आहे आणि ते मोजता येते. जेटची सेवा बंद पडली तेव्हा काय थांबले, याची चौकशी केली तर त्याचा अंदाजही घेता येईल.

पण द्राक्षाची वेल थांबणार नाही. दिंडोरीच्या बागाईतदाराचा जीव ज्या वाटेवर टांगलेला आहे, ती न्हावाशेवा बंदरातून निघून तांबड्या समुद्रातून, सुएझ कालव्यातून जाते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून गेले. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला आणि भाडे वाढले.

आपल्या मघाच्या हिशोबात हे घालून पाहा. बारा दिवस जास्त लागल्याने घट १० ऐवजी १५ टक्के झाली आणि भाडे २५ ऐवजी ४० रुपये झाले, असे समजू. हाती उरतात १५३ – ४० = ११३ रुपये. आधी १३७ होते. किलोमागे २४ रुपये गेले, म्हणजे उशिराच्या प्रत्येक दिवसाला दोन रुपये. एका कंटेनरमध्ये तेरा टन द्राक्षे धरली तर तोटा ३ लाख १२ हजार रुपये. इतका तोटा होऊनही विमान परवडत नाही, हेही या हिशोबातून दिसते.

नैवाशाच्या मजूर बाईने आकाशाकडे पाहावे आणि दिंडोरीच्या शेतकऱ्याने समुद्राकडे, असा हा फरक आहे. दोघांच्याही घराजवळ मोठी धावपट्टी आहे, पण एकाच गोष्टीचे मूल्य दोन ठिकाणी सारखे नाही. म्हणून "केनियाला विमानांमुळे इतके मिळाले, तेव्हा आपल्यालाही मिळेल" हे अनुमान करता येत नाही. आधी विचारायला हवे: आपल्याकडे पाठवण्यासारखे हलके, महाग आणि नाशवंत असे काय आहे? येणारा पैसा तालुक्यात किती वेळा फिरेल? आणि विमानाऐवजी एक चांगले शीतगृह बांधले तर?

वर्गात करून पाहण्यासाठी

एक. एकाच झाडाचे चार गुलाब घ्या. दोन फ्रिजमध्ये, दोन खोलीत, सगळे पाण्याविना ठेवा. रोज ठरावीक वेळी वजन करून आलेख काढा. सोबत द्राक्षांचे दोन लहान घड ठेवून तुलना करा.

दोन. गावातील किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र आणि चहाची टपरी येथे जाऊन विचारा: शंभर रुपये विक्रीतले किती रुपये तालुक्यात राहतात आणि किती बाहेर जातात? त्यावरून श्रेढीची बेरीज काढा.

तीन. विद्यार्थ्यांच्या घरून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी करा: द्राक्षे, टोमॅटो, गुलाब, दूध, बेदाणे. प्रत्येकासमोर तीन रकाने: किलोची किंमत, किती दिवस टिकते, कोणत्या वाहनाने जाते. मग विचारा, यांपैकी विमानाचा प्रवासी कोण होऊ शकेल?

चार. घरातील मोठ्यांना विचारा: ट्रक थांबला, रेल्वे थांबली, जहाज थांबले, विमान थांबले, तर आपल्या घराचे काय आणि किती दिवसांनी थांबेल? उत्तरे फळ्यावर लिहा.

हा चौथा तक्ता भरला की "किती?" या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी स्वतःच लिहू लागतील. ते एका आकड्यात येणार नाही. प्रत्येक घराचा आकडा निराळा असेल. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिला फळ्यावर पहिली ओळ लिहायला सांगावी, अशी आमची सूचना आहे.